कमरपट्टीतल्या चार रेघा

कटरबाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाहेर सगळे त्यांना कटरबाई म्हणत. नवरासुद्धा चारचौघांत तेच म्हणे, आणि रागावला की नुसतं 'बाई'.

दवाखान्यांना लागणारे कपडे शिवणारा तो कारखाना होता. चादरी, अभ्रे, पेशंटच्या अंगात घालायचे मागून बंद बांधायचे डगले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पेशंटवर पसरतात त्या हिरव्या चादरी. या चादरीला मधोमध एक चौकोनी भोक असतं. कारखान्यात त्याला खिडकी म्हणत. खिडकी कापायचं काम फक्त कटरबाईंचं. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि यंत्राची उभी पाती त्यातून फिरवायची. हात एकदा हलला की एका झटक्यात चाळीस पेशंटांची पोटं भलत्याच ठिकाणी. वीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. कटरबाई स्वतः या गोष्टीचा उल्लेख करत नसत. दुसऱ्या कुणी केला तर त्याला अडवतही नसत.

प्रत्येक कटरने आपल्या मालाच्या कोपऱ्यात खुणेचे दोन टाके घालायचे, असा कारखान्याचा नियम होता. कटरबाईंचा दोरा पिवळा. तक्रार आली तर कुणाला बोल लावायचा हे कळावं म्हणून ही सोय. कौतुकासाठी तिचा उपयोग झाल्याचं कुणाला आठवत नाही.

शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. पुढेमागे अंग सुटलं तर शिवण उसवायची आणि त्या मायेतून कपडा सोडायचा, म्हणजे वाढवायचा. मालकाच्या मालात कटरबाई पाव इंच माया ठेवत, कारण कापड मालकाचं होतं. घरच्या कपड्यांत मात्र चांगली इंच-सव्वा इंच. अंगाविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. अंग आपल्या मर्जीने वागतं, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, समजुतीने घ्यायचं ते कपड्याने. हे मत शिंपिणीला शोभणारं होतं. तेच त्यांच्या जिवावर उठलं.

हे शहाणपण त्यांना फार लवकर मिळालं होतं. त्या पंधरा वर्षांच्या असताना एका उन्हाळ्यात त्यांच्या आईचं पोट वाढायला लागलं. आई शिवणकामच करायची, पण तिला खाली वाकून मशीन चालवणं जमेना, म्हणून तिचे झगे सोडायचं काम मुलीकडे आलं. मुलगी कौतुकाने शिकली. उन्हाळा संपेपर्यंत तिने आईचे झगे पाच वेळा सोडले. पाचव्या वेळी माया संपली होती, म्हणून दोन्ही बगलांना दुसऱ्या कापडाची पट्टी जोडावी लागली. पट्टी इतकी बेमालूम बसली की आईने आरशात बघून शाबासकी दिली. तो झगा तिने नऊ दिवस घातला. दहाव्या दिवशी तो तिच्या अंगावरून कापून काढावा लागला.

पुढे कुणी विचारलं की आईला काय झालं होतं, तर कटरबाई "ताप" म्हणत. नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं. मुलीलाही.

*

कटरबाईंचा एक काळा स्कर्ट होता, कामावर घालायचा. अडीच वर्षांपूर्वी स्वतः शिवलेला. तो त्यांनी एकदा सोडला तेव्हा त्या म्हणाल्या, वय झालं, चाळिशी आली. दुसऱ्यांदा सोडला तेव्हा म्हणाल्या, बसून काम, दुसरं काय. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा काही म्हणाल्या नाहीत. चौथ्यांदा तर कमरपट्टीच्या काठाशी जेमतेम सूतभर कापड उरलं. ते त्यांनी नखाने दाबून बघितलं आणि स्कर्ट खुंटीला टांगला. त्यांना काय वाटलं असेल ते सांगायची गरज नाही. पंधराव्या वर्षी जे हात हे काम शिकले होते, त्या हातांना कापड कधी संपतं ते ठाऊक होतं.

दवाखाना त्यांच्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर होता. तिथल्या चादरींवर त्यांचे टाके होते. तिथे जाऊन पोट दाखवावं असं मात्र त्यांना वाटलं नाही. 'तुलाही आईसारखंच झालंय' असं कुणी खात्रीने सांगेपर्यंत माणूस निदान 'असेल' आणि 'नसेल' यांच्या मध्ये राहू शकतो. आणि तिथे दोन वर्षं राहायची सोय होती.

ती सोय एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता संपली.

खिडक्यांचा थर लावलेला होता. चौथी बाजू कापायची राहिली होती, तेवढ्यात डाव्या ओटीपोटात कुणीतरी ओलं धुणं पिळावं तसं काहीतरी पिळलं गेलं. कटरबाईंनी चौथी बाजू पूर्ण केली. यंत्राचं बटण बंद केलं. मग खाली बसल्या, आणि बसता बसता आडव्या झाल्या. पडायच्या आधी त्यांनी बटण बंद केलं, ही गोष्ट मालकाने पुढे कितीतरी लोकांना अभिमानाने सांगितली.

पहिली धावली ती काजवाली. बटणांची काजं करायचं मशीन तिच्याकडे होतं, आणि जीभ त्या मशीनपेक्षा वेगाने चाले.

"काय गं, टेबलाखाली काय टेप शोधतेस?" ती म्हणाली. मग तिने चेहरा बघितला. "अगं बाई. ओठ पांढरे पडलेत हिचे. उठा रे कुणीतरी!"

"काही नाही," कटरबाई म्हणाल्या, "पित्त आहे," आणि त्यांना उलटी झाली.

"पित्त मला शिकवतेस? पित्ताने माणूस गुडघे पोटाशी घेऊन असा गोल होत नाही."

मालाची व्हॅन दारात उभी होती. दवाखान्याचीच ऑर्डर पोचवायची होती. ड्रायव्हर म्हणाला, "चला, मी तिकडेच निघालोय," आणि कटरबाईंना हिरव्या गठ्ठ्यांवर आडवं केलं. काजवाली शेजारी बसली. खड्डा आला की कटरबाई दात आवळत. गठ्ठ्यांच्या कोपऱ्यांतून पिवळे टाके डोळ्यांसमोर हलत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या मागच्या दाराशी माल उतरवून घेणारा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. "किती नग?" त्याने विचारलं.

"एकशेवीस," ड्रायव्हर म्हणाला, "आणि एक बाई."

*

नर्सने स्कर्ट, ब्लाउज, चपला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून काजवालीच्या हाती दिल्या आणि कटरबाईंना डगला घालायला दिला. त्याचे बंद मागे बांधता येईनात.

"एवढे आखूड बंद कुणी कापलेत कोण जाणे," नर्स कुरकुरली.

कोण जाणे याचं उत्तर खोलीतल्या दोघींना माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वी मालकाने सांगितलं होतं, बंद चार बोटं आखूड करा, कापड वाचतं. कटरबाई म्हणाल्या होत्या, कुणाला कळतंय. आता त्यांना कळत होतं. काजवाली भिंतीकडे बघत राहिली. एरवी असली संधी तिने सोडली नसती. तिचं गप्प बसणं हेच कटरबाईंना सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

सोनोग्राफी करणारा डॉक्टर तरुण होता. पडद्याकडे बघताना तो आधी गुणगुणत होता. मग त्याचं गुणगुणणं थांबलं.

"डाव्या बीजकोशावर गाठ आहे," तो म्हणाला. "छोट्या खरबुजाएवढी."

"दवाखान्यात येऊन फळबाजारात आल्यासारखं वाटतंय," काजवाली पुटपुटली. "परवा आमच्या जावेला लिंबाएवढी सांगितली होती."

"मापात सांगा," कटरबाई म्हणाल्या.

"सतरा सेंटीमीटर."

"पावणेसात इंच," त्या स्वतःशी म्हणाल्या. "त्याहून जरा कमी."

तेवढ्यात नवरा आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. हातांना अजून ग्रीस होतं, म्हणून कुठेच हात न टेकता, ते दोन हात परक्या माणसाचे असावेत तसे धरून तो उभा राहिला. त्याच्या मागोमाग सर्जन आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गाठीला देठ असतो. त्या देठाला पीळ पडलाय. रक्त आत जायला वाट नाही. तासाभरात शस्त्रक्रिया करावी लागेल."

"लिफ्टच्या दोरालाही पीळ पडतो," नवरा म्हणाला. "आम्ही उलटा फिरवून काढतो." मग तोच ओशाळला. "म्हणजे, नुसतं सांगितलं."

"आम्हीही बघतो उलटा फिरवून," सर्जनबाई न हसता म्हणाल्या. "कधी कधी उशीर झालेला असतो." त्या कटरबाईंकडे वळल्या. "पोट कधीपासून वाढतंय?"

"झाले असतील दहा-पंधरा दिवस."

सर्जनबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नीट आठवून सांगा. पंधराच?"

"पंधराच."

दोन वर्षं गप्प बसलेल्या माणसाला नवऱ्यासमोर दोन वर्षं म्हणता येत नाहीत. पंधरा दिवस हा आकडा लाजेला सोयीचा होता. तो दुसऱ्या कशाला किती गैरसोयीचा आहे, हे पुढच्या वाक्यात कळलं.

"मग मला सगळ्यांना स्पष्ट सांगायला हवं," सर्जनबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत एवढी वाढणारी गाठ बहुधा चांगल्या जातीची नसते. सोनोग्राफीत एक भाग काळसर दिसतोय, तो नुसता पिळामुळे असेल, किंवा नसेल. शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा तपासून सांगण्याची सोय इथे नाही. जिथे आहे तिथे न्यायला चार तास लागतील, आणि तेवढा वेळ यांच्याकडे नाही. तेव्हा मी दोन्ही बीजकोश, गर्भपिशवी, सगळंच काढायच्या तयारीने आत जाते. घरात कुणाला असं काही झालं होतं? आईला?"

"नाही," नवरा मोठ्या विश्वासाने म्हणाला. "त्या तापाने गेल्या."

कटरबाई छताकडे बघत होत्या. छताला एक पट्टी जोडलेली होती, दुसऱ्या रंगाची.

*

काजवाली बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शिवणकामातल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचा कपडा आला की तो आधी उलटा करून बघतो. पाहुण्यांकडे गेला तरी ही खोड जात नाही. काजवालीने काही मनात न आणता स्कर्ट बाहेर काढला, उलटा केला आणि कमरपट्टीच्या आत अंगठा फिरवला. अंगठा अडखळला. तिने स्कर्ट खिडकीच्या उजेडात धरला.

शिवण उसवली तरी सुईची भोकं राहतात. काळ्या कापडात ती पटकन दिसत नाहीत, पण उजेडावर धरलं की ताऱ्यांसारखी चमकतात. चालू शिवण सोडून चार रेघा होत्या. एकीखाली एक, सारख्या अंतरावर.

ती उठली आणि विचारल्याशिवाय आत शिरली.

"डॉक्टरबाई, ही खोटं बोलतेय."

"तू बाहेर बस," कटरबाई म्हणाल्या.

"बसले होते. हे बघा. चार वेळा सोडलाय हिने. पंधरा दिवसांत कुणी चार वेळा सोडतं का? ही पहिली रेघ मूळ शिवणीची. आता ही दुसरी बघा, भोकं केवढी मोठी आहेत. ही अठरा नंबरची सुई. आमच्याकडे ती एकदाच लागली, स्ट्रेचरच्या कॅनव्हासची ऑर्डर होती तेव्हा. त्याला झाली दोन वर्षं. रोज सुया मोडायच्या, मीच बोंबलत होते. तिसरी रेघ बारीक टाक्याची, म्हणजे नवीन मशीन आल्यावरची. झालं की वर्ष. आणि ही चौथी हाताने घातलीय." ती कटरबाईंकडे वळली. "हाताने का गं? मशीन तर होतं."

"मशीनवर तू बसली होतीस."

"मग मला म्हणायचं! मी काय खाल्लं असतं तुला?"

सर्जनबाईंनी स्कर्ट हातात घेतला. गळ्यातला चष्मा परत लावला आणि कमरपट्टी उजेडावर धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"लोक जुने रिपोर्ट घरी विसरून येतात," त्या शेवटी म्हणाल्या. "जुना स्कर्ट पुराव्याला कुणी आणला नव्हता. म्हणजे दोन वर्षं, आणि सावकाश. हे खरं?"

कटरबाईंनी मान हलवली.

"हे बरं आहे. खात्री कसलीच नाही, पण दोन वर्षं सावकाश हे पंधरा दिवसांपेक्षा पुष्कळ बरं."

नवरा मोठ्याने श्वास सोडणार होता, तेवढ्यात कटरबाई बोलल्या. आवाज इतका साधा होता की आधी कुणाच्या काही लक्षातच आलं नाही.

"आईचे मी पाच वेळा सोडले होते. एका उन्हाळ्यात."



"ताप म्हणाली होतीस तू," नवरा म्हणाला.

"तापही होता."

सर्जनबाईंनी स्कर्टची घडी घातली. घडी कारखान्यातल्यासारखी झाली नाही. काजवालीने ती त्यांच्या हातातून घेतली आणि नीट घातली.

"म्हणजे एक कपडा बरं सांगतोय आणि एक वाईट," सर्जनबाई म्हणाल्या. "आत गेल्यावर मी डोळ्यांनी बघीन आणि ठरवीन. दुसरा काही मार्ग नाही. सही तुमची लागेल. सगळं काढण्याचीसुद्धा."

कटरबाईंनी कागद घेतला. सही करताना हात थरथरला नाही, हे काजवालीने पाहिलं आणि तिला रडू आलं. नवऱ्याने पेन परत घेतलं. त्यावर त्याच्या ग्रीसचा ठसा उमटला.

"माया ठेवून कापा," कटरबाई म्हणाल्या.

सर्जनबाईंना कळलं नाही. त्यांनी काजवालीकडे बघितलं.

"आमच्यात म्हणतात तसं," काजवाली नाक पुसत म्हणाली. "कापताना थोडं जास्तीचं आत राहू द्यायचं. पुढे लागलं तर असावं."

"प्रयत्न करते. वचन देत नाही."

"आम्हीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो," कटरबाई म्हणाल्या.

*

आत थंडी होती. दिवे एवढे की कशालाच सावली नव्हती, आणि सावली नसलेल्या खोलीत सगळं जरा खोटं दिसतं. भूल देणारा डॉक्टर त्यांच्या डोक्याशी उभा राहून त्यांना मुलांविषयी विचारत होता. एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची, असं त्यांनी सांगितलं. सांगितल्यावर पंधरा हा आकडा त्यांच्या ध्यानात आला. या सगळ्यात तो आधी कसा आला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

शेजारच्या ट्रॉलीवर हिरवी चादर घडी करून ठेवली होती. वरच्या घडीचा कोपरा त्यांच्या बाजूला होता. दोन पिवळे टाके. खिडकी आत कुठेतरी घडीत होती. ती बरोबर मधोमध असणार, याबद्दल कटरबाईंना शंका नव्हती. वीस वर्षांत त्यांनी कितीतरी हजार खिडक्या कापल्या होत्या. त्या खिडकीतून बाहेर कोण बघतं आणि आत कोण बघतं, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती, आणि आताही आली नाही. भूलवाला डॉक्टर म्हणाला, "दहापासून उलटे आकडे मोजा."

त्या सातापर्यंत पोचल्या.

बाहेर नवरा आणि काजवाली एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. समोर लिफ्ट होती. ती दर वेळी तळमजल्यावर थांबताना बोटभर खाली जात होती. नवऱ्याने ते पाचदा ऐकलं. सहाव्यांदा तो उठला आणि लिफ्टपाशी जाऊन कान लावून उभा राहिला.

"बसा हो भावजी," काजवाली म्हणाली.

"ब्रेक घासलाय," तो म्हणाला. "कुणी बघितलंच नाही. रोज थोडा थोडा घासतो, आणि रोज वर-खाली करणाऱ्याला कळत नाही."

हे आपण कशाबद्दल बोललो, ते त्याच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. तो येऊन बसला. मग उठला नाही.

दोन तासांनी सर्जनबाई आल्या. टोपीची रेघ कपाळावर उमटली होती.

"देठाला तीन वेढे होते. बीजकोश काळा पडला होता, त्यामुळे डावी बाजू काढावी लागली. गाठ न फुटता अख्खी बाहेर आली. उजवी बाजू आणि गर्भपिशवी बघायला स्वच्छ आहे. ती मी ठेवली."

"म्हणजे ती वाईट नाही?" काजवालीने विचारलं.

"बघायला नाही. दिसतं तसं असतंच असं नाही. तपासणीला पाठवली आहे. दहा दिवस."

"आणि वाईट निघाली तर?"

"तर मी ठेवलं ती चूक ठरेल," सर्जनबाई म्हणाल्या, "आणि परत आत जावं लागेल."

शुद्धीवर आल्यावर कटरबाईंनी विचारलं, "किती टाके?"

"सतरा," नर्स म्हणाली.

"सेंटीमीटरला एक," त्या म्हणाल्या, आणि परत झोपल्या.

*

दहा दिवस घरात कुणी 'दहा दिवस' हा शब्द उच्चारला नाही. नवरा कामावरून लवकर येई आणि घरातल्या नीट चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करत बसे. दोन दिवसांत दाराची कडी आधीपेक्षा वाईट लागायला लागली. काजवाली रोज संध्याकाळी येई, कारखान्यातल्या गोष्टी सांगे आणि जाताना उगाचच कटरबाईंची उशी झटके. खिडक्या कापायला मालकाने एक नवा माणूस लावला होता. "पहिल्याच थराला दोन बोटं खाली," ती म्हणाली. "चाळीस जणांचं पोट गुडघ्यावर आलंय."

कटरबाई हसल्या आणि टाके दुखले म्हणून थांबल्या.

मुलगी फारसं बोलत नसे. तिला एवढंच सांगितलं होतं की गाठ होती, काढली. एका दुपारी अभ्यासाच्या पुस्तकातून मान वर न करता तिने विचारलं, "आजीला पण हेच झालं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"बाबा. मी विचारलं, आजीला ताप कसला होता, तर ते पाणी प्यायला उठून गेले."

कटरबाईंना तिला काहीतरी सांगायचं होतं. पण ते काय, हे अजून प्रयोगशाळेत होतं. "रिपोर्ट येऊ दे," त्या म्हणाल्या.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. तो घ्यायला तिघं गेली. सर्जनबाईंनी लिफाफा उघडला आणि वाचला. मग पहिल्या ओळीपासून परत वाचला. दुसऱ्यांदा वाचताना नवऱ्याने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की खुर्ची करकरली.

"चांगल्या जातीची आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "वाईट काही नाही. काळा भाग पिळामुळेच."

काजवालीने भांड्यावर झाकण ठेवावं तसा तोंडावर हात ठेवला. नवरा म्हणाला, "परत वाचा," आणि त्यांनी खरंच परत वाचला.

"आता पुढचं ऐका," त्या म्हणाल्या. "आईचा इतिहास आहे. उजवी बाजू मी ठेवलीय, म्हणजे ती दर सहा महिन्यांनी बघायचीय. न चुकता. पोट दुखो न दुखो. आणि मुलगी मोठी झाली की तिलाही हे सगळं माहीत असायला हवं. ताप नाही. खरं ते."

"किती मोठी झाल्यावर?"

"तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

कटरबाईंनी रिपोर्टची घडी घालून तो लिफाफ्यात ठेवला. 

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. उन्हाळा, पाच वेळा सोडलेले झगे, बगलेची पट्टी, नऊ दिवस. मुलीने पूर्ण ऐकलं. "पट्टी कुठल्या रंगाची होती?" तिने एवढंच विचारलं, आणि कटरबाईंच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "निळी," त्या म्हणाल्या. "झगा करड्या रंगाचा होता."

काळा स्कर्ट आता कमरेवर फिरत होता. काजवालीने सांगितलं, आत घे आणि जास्तीचं कापड कापून टाक, कटकट जाईल. कटरबाईंनी स्कर्ट आत घेतला, पण कच्च्या टाक्याने, आणि कापड कापलं नाही. चारही रेघा आत राहिल्या.

पुढे तीनेक महिन्यांनी, त्या कामावर रुळल्यावर, एका सुट्टीच्या सकाळी मुलगी शाळेचा स्कर्ट घेऊन आली.

"आई, कमरेत घट्ट होतोय. सोडून दे ना."

कटरबाईंच्या हातात सुई होती. ती त्यांनी कापडात खोवली.

"कधीपासून?"

"काय माहीत. परवापासून."

"परवापासून काय? नीट सांग."

"आई, मी वाढतेय. एवढंच. वर्गातल्या सगळ्यांचे होतात."

"उभी राहा."

त्यांनी टेप काढला. कमर मोजली. मग नितंब, खांदे, दंड. मुलगी पाय बदलत राहिली. "स्कर्टला दंड कशाला?" ती म्हणाली. कटरबाईंनी तिला भिंतीशी उभी केली, डोक्यावर पुस्तक सपाट धरलं, खडूने खूण केली आणि जमिनीपासून मोजलं. गेल्या वेळच्या खुणेपासून उंची सव्वा इंच वाढली होती. खांदे अर्धा इंच. सगळीकडे थोडं थोडं, जसं असायला हवं तसं. त्यांनी तोच टेप कमरेभोवती आणखी एकदा लावला, बेंबीच्या वर, आणि खाली, आणि तळहात सपाट करून मुलीच्या पोटावर ठेवला.

"गुदगुल्या होतात," मुलगी म्हणाली.

"उभी राहा म्हटलं ना."

हात त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवला. मऊ लागत होतं. आत काही नव्हतं. निदान तळहाताला कळेल असं काही नव्हतं.

मग त्या खुर्चीवर बसल्या, स्कर्ट उलटा केला, शिवण उसवली आणि पाव-पाव इंच सोडून परत घातली. कमरपट्टीच्या आत, जिथे फक्त शिवणाऱ्यालाच दिसतं, तिथे त्यांनी पेन्सिलने त्या दिवसाची तारीख लिहिली. पेन्सिल धुण्यात जाते, म्हणून तारखेवरून पिवळ्या दोऱ्याचे बारीक टाके घातले.

"हे काय?" मुलीने विचारलं.

"पुढच्या वेळी कळायला हवं," कटरबाई म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला.